पुरेसे नाही म्हणणारा श्रोता

मराठीच्या गौरवाची वेळ आली की आमच्या सभासंमेलनांतून फादर थॉमस स्टीफन्स यांच्या त्या सुप्रसिद्ध चार ओव्या हमखास म्हटल्या जातात. व्यासपीठामागच्या पडद्यावर त्या रंगविल्या जातात, निमंत्रणपत्रिकेच्या माथ्यावर छापल्या जातात. मराठी भाषादिनी तर आमच्याच नव्हे, इतरांच्याही सभांतून त्या ऐकू येतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही. इंग्लंडातून आलेल्या एका येशूसंघीय धर्मगुरूने सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधिकाळात या भाषेवर एवढी माया करावी, याचा अभिमान वाटणे स्वाभाविकच आहे. तक्रार आहे ती एवढीच, की सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथातल्या चार ओव्या पाठ करून आम्ही तो ग्रंथ मिटून ठेवतो. त्या ओव्यांच्या शेजारीच, ग्रंथाच्या आरंभी, हे पुराण जन्माला कसे आले याची हकिकत आहे. लिहिणाऱ्याला आणि बोलणाऱ्याला समाजाचा आधार मिळतो म्हणजे नेमके काय मिळते, असा प्रश्न आमच्या साहित्यिक मेळाव्यांतून हल्ली वारंवार विचारला जातो. त्या प्रश्नाचे आमच्या परंपरेतले सर्वांत जुने उत्तर या हकिकतीत आहे, आणि ते आम्हांला फारसे सोयीचे नाही. म्हणूनच कदाचित ते पडद्यावर रंगविले जात नसावे.

हकिकत थोडक्यात अशी. स्थळ गोव्यातील सासष्टी. रविवारचा दिवस, सायंप्रार्थना आटोपली आहे आणि मुलांना धर्मशिक्षण दिले जात आहे. तेथे एक ब्राह्मण ख्रिस्ती उठतो आणि पाद्रीगुरूंना म्हणतो, की आपण मुलांना शिकविता ती शिकवण उत्तम आहे, पण तेवढ्याने आमचे भागत नाही. पूर्वीची आमची पुराणे आपण बंद केलीत. मग त्यांच्या जागी तसेच एखादे पुराण आम्हांला का करून देत नाही? या प्रश्नातून ग्रंथ सुरू होतो. पुढे ‘पहिले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ अशा दोन भागांत, अनुक्रमे ३६ आणि ५९ अवस्वरूंतून, जुना आणि नवा करार ओवीबद्ध होऊन येतो. पण त्या सगळ्या पसाऱ्याच्या मुळाशी एका श्रोत्याचे असमाधान आहे.

या श्रोत्याच्या बोलण्याकडे जरा निरखून पाहावे. तो शिकवणीची स्तुती करतो, ती खोटी आहे असे त्याच्या स्वरावरून वाटत नाही. पण स्तुतीवर तो थांबत नाही. प्रश्नोत्तरांची धर्मशिकवण ही त्याच्या मनाची एक गरज भागविते आणि दुसरी उपाशी ठेवते, हे त्याला नेमके कळले आहे. त्याला कथा हवी आहे, छंद हवा आहे, दिवस कलल्यावर चारचौघांत बसून ऐकावे असे काही हवे आहे. आमच्या मते मराठी ख्रिस्ती साहित्यातला पहिला टीकाकार हाच. त्याने ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर अभिप्राय दिला नाही, ग्रंथ नव्हता तेव्हा तो मागितला. आणि मागताना आपले हरवले काय आहे, तेही उघड बोलून दाखविले.

हे हरवणे हलके नव्हते, आणि आम्ही कॅथॉलिकांनी ते हलके करून सांगू नये. १५६० साली गोव्यात धर्मन्यायालय स्थापन झाले होते. सासष्टीत देवळे पाडली गेली होती. १५८३ साली त्याच सासष्टीत कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय मारले गेले आणि त्याचा सूडही निर्दयपणे उगविला गेला. स्टीफन्स गोव्याला उतरले ते १५७९ च्या ऑक्टोबरात, म्हणजे हे सारे त्यांच्या डोळ्यांसमोरचे आहे. ज्या व्यवस्थेने जुन्या पोथ्या बंद केल्या त्याच व्यवस्थेतल्या एका गुरूपाशी नवी पोथी मागण्याची पाळी त्या श्रोत्यावर आली. तेव्हा त्याच्या प्रश्नात विनंती आहे तसा आरोपही आहे. स्टीफन्स यांचे मोठेपण आम्हांला येथे दिसते, की त्यांनी तो आरोप ग्रंथातून वगळला नाही. ‘आपण बंद केलीत’ या अर्थाचे शब्द त्यांनी स्वतःच्या पुराणाच्या दारातच राहू दिले.

कोणी म्हणेल, ही सारी कविसंकेताची किमया आहे. पुराणाला श्रोता आणि वक्ता लागतातच. पृच्छक नसेल तर कवी तो निर्माण करतो. आक्षेप चुकीचा नाही. मराठीतली ओवी ही मुळातच समोर बसलेल्या माणसांशी बोलणारी रचना आहे. नेवासे येथे १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत श्रोत्यांची किती मनधरणी आहे, हे तिच्या वाचकाला सांगावयास नको. स्टीफन्स यांनी हा साज आपल्या आधीच्या मराठी कवींपासून उचलला, यात शंका नाही. परंतु एक फरक राहतोच. पुराणातला नेहमीचा पृच्छक कथेच्या आत बसून पुढची कथा विचारतो. सासष्टीचा हा पृच्छक ग्रंथाच्या उंबरठ्यावर उभा राहून ग्रंथच मागतो, आणि त्याची मागणी त्या गावाच्या आणि त्या वर्षांच्या इतिहासाला इतकी घट्ट चिकटलेली आहे की तिला निव्वळ संकेत म्हणवत नाही. तो माणूस खरोखर त्या रविवारी उठला असेल वा नसेल. त्याच्यासारखी माणसे समोर बसलेली असल्याखेरीज ही ओवी सुचत नाही.

श्रोत्याचा हात ग्रंथाच्या भाषेपर्यंत कसा पोहोचला, हे तर स्टीफन्स यांनी गद्य प्रस्तावनेत स्वतःच नमूद केले आहे. परमेश्वराच्या गोष्टी सांगण्यास मराठी भाषा योग्य वाटली म्हणून ती घेतली. पण शुद्ध मराठी मध्यम प्रतीच्या लोकांना कळत नाही, म्हणून मागच्या कवींचे बरेच अवघड शब्द टाकून दिले आणि तेथील ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळले, असा त्यांचा खुलासा आहे. भाषाभ्यासकांनी या वाक्यावरून मराठी-कोंकणीचा वाद पुष्कळ घातला आहे. आम्हांला त्यात आज शिरावयाचे नाही. आमचे लक्ष वेधते ते निराळेच. चौरस अभ्यास करून एक परभाषक कवी एखाद्या भाषेच्या शिष्ट रूपावर प्रभुत्व मिळवितो, आणि मग समोरच्या माणसाचा चेहरा कोरा राहिला म्हणून त्यातले कष्टाने कमावलेले शब्द बाजूला ठेवतो. विद्वत्तेचे हे उदक सोडणे सोपे नाही. आमच्यापैकी कित्येकांचे प्रवचन आणि कित्येकांची कविता याच परीक्षेत नापास होते. स्टीफन्स यांना ते साधले, कारण त्यांना कोरा चेहरा दिसत होता. ज्या लेखकाला वाचकाचा चेहरा कधी दिसतच नाही, त्याने कोणता शब्द टाकावा आणि कोणता ठेवावा?

समाजाच्या आधाराची दुसरी बाजू म्हणजे संस्थेचा आधार, आणि तेथे कथा जरा मंद चालीने पुढे सरकते. १६०८ साली स्टीफन्स यांनी आपल्या संघाच्या रोममधील वरिष्ठांना पत्र लिहून या देशाच्या भाषेत आणि या देशाच्या लिपीत पुस्तक छापण्याची इच्छा कळविली. मलबारात तसे झाले असून त्याचा लाभ झाला आहे, हेही सांगितले. अडचणी दोन होत्या. एक म्हणजे खिळे. युरोपीय लिपीला चोवीस अक्षरे पुरतात, येथे अक्षरे जोडून येत असल्याने साचे सहाशेच्या घरात जातात. दुसरी अडचण वरिष्ठांच्या आज्ञेची. एवढ्या वर्षांचा अनुभवी मिशनरी एका टंकासाठी अर्ज करीत आहे, हे दृश्य आमच्या आजच्या लेखकांना परके वाटू नये. सहाशे साचे काही ओतले गेले नाहीत. १६१६ साली राचोल येथे पुराण छापले गेले ते रोमन लिपीत. छापील देवनागरीत ते येण्यास १९५६ साल उजाडावे लागले. पुण्याचे शांताराम बंडेलू यांनी ती आवृत्ती संपादिली.

मधली साडेतीनशे वर्षे ग्रंथ कोणी सांभाळला? सत्तेने नव्हे, १६८४ साली तर गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. राचोलच्या मूळ छापील आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पण गोव्यातून कानडा किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पुराणाच्या प्रती हाताने उतरून घेतल्या होत्या आणि ते वाचून म्हणण्याची चाल ठेवली होती. अशाच हस्तलिखितांच्या बळावर जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला. त्या उतरवणाऱ्यांत लेखक कोणी नव्हते, विद्वान थोडेच असतील. त्यांनी स्टीफन्स यांचा सत्कार केला नाही, जयंती साजरी केली नाही. ग्रंथ त्यांना लागत होता, म्हणून त्यांनी तो ठेवला. फादर कॅरिदाद द्रागो यांनी संपादिलेली आवृत्ती १९९६ मध्ये मुंबईहून निघाली ती पोथी उतरवणाऱ्या या निनावी हातांच्या पुण्याईने.

आता आपल्या अंगणात यावे. लेखकाला आधार दिला पाहिजे, असे आमच्या धर्मग्रामांतून मोठ्या कळकळीने म्हटले जाते, आणि तसा तो दिलाही जातो. पुस्तक निघाले की सभागृह विनामूल्य मिळते. धर्मगुरू प्रास्ताविक करतात, शाल आणि श्रीफळ येते, पाच-सहा वक्ते बोलतात, शेवटी चहा होतो. वक्त्यांपैकी किती जणांनी पुस्तक पाहिले आहे हे चाणाक्ष श्रोत्याला दुसऱ्या वाक्यालाच कळते, पण तो सौजन्याने गप्प बसतो. लेखकाचे बालपण, त्याचे कष्ट, त्याच्या आईची भक्ती, हे सर्व होते. पुस्तकाचा विषय तेवढा निघत नाही. प्रती शंभर खपतात, त्या बहुधा नातलगांत. सहा महिन्यांनी त्या लेखकाला रस्त्यात भेटून ‘चौथ्या प्रकरणात तुम्ही घाईने आटपलेत, असे का?’ असे विचारणारा एकही मनुष्य त्याला भेटत नाही. आमच्या त्रैमासिकांतून येणारी परीक्षणेही, हे लिहिताना संकोच वाटतो, बहुधा अभिनंदनपत्रेच असतात. हा सारा जिव्हाळा खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. पण सासष्टीच्या त्या ब्राह्मणाने एवढ्यावर समाधान मानले असते तर स्टीफन्स यांच्या हातून एक बरीशी प्रश्नोत्तरी आणि एक व्याकरण झाले असते. तीही त्यांनी लिहिलीच आहेत. दोन्ही अभ्यासकांच्या उपयोगाची आहेत. पण तीनशे वर्षे कोणी ती मांडीवर घेऊन घरात गायिली असती असे वाटत नाही.

वक्त्याची अवस्था तर लेखकाहून नाजूक. आमच्या समाजातला वक्ता बहुधा प्रवचनपीठावर घडतो. व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी करून दिली, आणि तेव्हापासून मराठीचे कानावर पडणारे सर्वांत नियमित रूप म्हणजे आमच्या अनेक कुटुंबांना रविवारचे प्रवचनच होय. या पीठाची एक मोठी देणगी आहे: श्रोते आयते मिळतात. तोच त्याचा मोठा धोकाही आहे, कारण त्या श्रोत्यांना उठून जाता येत नाही आणि प्रश्नही विचारता येत नाही. संत पौल त्रोवसात मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला तेव्हा खिडकीत बसलेल्या युतुख नावाच्या तरुणाला झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, ही गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांत आली आहे. पवित्र शास्त्राने आपल्या सर्वांत मोठ्या वक्त्याची ही फजिती लपवून ठेवली नाही, याबद्दल सर्व श्रोत्यांनी देवाचे आभार मानावेत. त्याच पौलाला अथेन्सच्या अरीयपगावर लोकांनी अर्ध्यावर थांबविले. काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू. ज्याला अशी थट्टा ऐकण्याची पाळी कधी आलीच नाही, त्या वक्त्याला आपण कोठे थांबायला हवे होते हे कळावे तरी कसे?

पौलाची पत्रे वाचतानाही हेच ध्यानात येते. रोमकरांस पत्राचा शेवटचा अध्याय आम्ही बहुधा वगळतो, कारण त्यात नुसती नावे आहेत. फीबी आहे, प्रिस्का आणि अक्विला आहेत, आणखी वीसेक माणसे आहेत. आणि मध्येच एक वाक्य असे आहे की ज्यात पत्र लिहून घेणारा तर्तिय आपल्या स्वतःच्या नावाने नमस्कार सांगतो. ज्ञानेश्वरीच्या शेवटी सच्चिदानंदबाबांचा लेखक म्हणून उल्लेख येतो, त्याची येथे आठवण होते. एवढी प्रचंड वाणी, आणि तिच्या कडेला हा एक लेखणी धरलेला हात. आधार या शब्दाचा अर्थ आम्हांला या नामावळीत जेवढा भरलेला दिसतो तेवढा कोणत्याही मानपत्रात दिसत नाही.

मराठी ख्रिस्ती लेखकाच्या एकटेपणाची कथा सांगताना रेव्हरंड नारायण वामन टिळकांना वगळता येत नाही. ते प्रॉटेस्टंट, आम्ही कॅथॉलिक. पण या बाबतीत वारसा एकच आहे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि एका दिवसात त्यांचा समाज त्यांच्या पायांखालून सरकला. पत्नी लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे दुरावल्या. नव्या समाजात मान होता, पण त्यांच्या कवितेला जी मराठी रसिकता लागत होती ती तेथे पुरेशी नव्हती. टिळकांनी काय केले? त्यांनी जुने दार बंद होऊ दिले नाही. १९०७ साली जळगावला पहिले कविसंमेलन भरले तेव्हा ते तेथे होते, आणि त्याच संमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळालेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा कोवळा कवी पुढे नगरला टिळकांच्याच घरी राहिला. ज्याला समाजाने दूर लोटले त्याने दुसऱ्या धर्मातल्या एका पोराला कवितेसाठी घर दिले, याचे आम्हांला नेहमी नवल वाटत आले आहे. अखेरीस, १९१७ साली साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. त्याच्या धर्मशास्त्रीय बाजूविषयी मतभेद होऊ शकतात. पण टिळकांच्या कवितेचा विचार करता या दरबाराचा अर्थ स्पष्ट आहे: एकाच कुंपणातले श्रोते आपल्या वाणीला अपुरे पडतात, हे त्या कवीला पटले होते.

त्यांच्या घरातच मागणीचे आणखी एक उदाहरण घडले, आणि त्याचे फळ टिळकांच्या कवितेहूनही टिकाऊ ठरले. टिळक १९१९ साली वारले. चिरंजीव देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून काढण्यास सांगितले. लक्ष्मीबाईंचे शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतेच. चरित्राची सामग्री म्हणून सुरू झालेल्या त्या आठवणी ‘स्मृतिचित्रे’ होऊन १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाल्या. या ग्रंथाच्या सहजतेची स्तुती सगळेच करतात. ती सहजता कोठून आली, याचा विचार मात्र कमी होतो. लक्ष्मीबाई कागदावर लिहीत नाहीत, समोरच्या एका माणसाला सांगतात. तो माणूस त्यांना ठाऊक आहे, त्यांचा आहे, आणि ऐकण्यास आतुर आहे. म्हणून वडिलांच्या सोवळ्याओवळ्याच्या वेडाची हकिकत सांगताना त्यांना दुःखाचे गंभीर प्रदर्शन करावे लागत नाही आणि टिळकांचा संताप वर्णिताना साळसूदपणाही करावा लागत नाही. मुलासमोर आई जितकी खरी बोलेल तितक्या त्या खऱ्या बोलतात, आणि महाराष्ट्र ते ऐकत राहतो. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ही असेच हातोहात पुढे गेले, आरंभीचे अध्याय त्यांचे, बहुसंख्य लक्ष्मीबाईंचे, शेवट देवदत्तांचा. काव्य म्हणून ते ‘ख्रिस्तपुराणा’च्या पंक्तीला बसत नाही, असे आमचे मत आहे. पण अपुऱ्या राहिलेल्या पोथीला घरातलेच हात लागणे ही गोष्ट आमच्या साहित्यात पुन्हा फारशी घडलेली नाही.

आणि आमच्या काळातले उदाहरण फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. १९८३ ते २००७ या काळात ते ‘सुवार्ता’चे संपादक होते. प्रवचनपीठावर घडलेला हा वक्ता १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून हरित वसईच्या लढ्यात मैदानातल्या सभांना सामोरा गेला, आणि त्याच्या भाषेतला फरक तेथूनच मोजावा असे आम्हांला वाटते. मैदानातल्या श्रोत्याला पाठ फिरवून जाता येते. त्याला बायबलातला दाखला आधी समजावा लागतो, आणि तुकोबांचा आधीच ठाऊक असतो. दिब्रिटोंच्या गद्यात संतवचने आणि शुभवर्तमान एकमेकांना इतक्या सहजपणे भेटतात, त्यामागे वाचन आहेच. पण विहिरी आणि वाड्या वाचविण्यासाठी जमलेल्या नानाविध लोकांचे ते ऋणही आहे. ‘सुबोध बायबल’ या नावातला पहिला शब्द स्टीफन्स यांच्या गद्य प्रस्तावनेतल्या खुलाशाचाच वंशज नव्हे काय?

२०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. हा मान मिळालेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. निवडीनंतर विरोध झाला, धमक्या आल्या. पाठीच्या दुखण्याने ते त्या दिवसांत हैराण होते. साहित्य महामंडळ निवडीवर ठाम राहिले. उद्घाटक होते पळसखेडचे कवी ना. धों. महानोर. संमेलनास जाऊ नका, असे त्यांनाही बजावले गेले होते. ते गेले. आता दोघेही नाहीत. महानोर २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेले आणि दिब्रिटो २०२४ च्या जुलैमध्ये. त्या दिवशी व्यासपीठावर शेजारी बसण्यापलीकडे महानोरांनी काही वेगळे केले असेल वा नसेल. अशा वेळी शेजारी बसणे हेच कार्य असते.

आमचा समाज त्या वेळी काय करीत होता? आम्ही आनंदलो, मिरविलो, फलक लावले, आणि फादरांसाठी प्रार्थना केली. हे सर्व उचितच. पण ज्या पुस्तकांसाठी तो मान मिळाला ती पुस्तके आमच्या किती घरांत उघडली गेली? त्यांनी धर्मसत्तेला, आपल्याच समाजाच्या भोगवादाला, जमिनी विकून आलेल्या पैशाला जे टोचणारे प्रश्न विचारले, त्यांना आमच्यापैकी किती जणांनी लेखी उत्तर दिले, मग ते विरोधाचे का असेना? आपल्या आत्मकथनाला त्यांनी ‘नाही मी एकला’ हे नाव दिले. श्रद्धेच्या अंगाने आणि लोकचळवळीच्या अंगाने ते अक्षरशः खरे आहे. लेखक म्हणून मात्र आम्ही त्यांना थोडेसे एकटेच ठेवले, असे आमचे मत आहे. कारण त्यांच्याशी वाद घालणारे लोक बहुतेक बाहेरचे होते आणि आतले आम्ही सगळे टाळ्या वाजवीत होतो.

नव्याने लिहू लागलेली मुले आणि मुली, विशेषतः वसईच्या बोलींतून आणि नगरच्या खेड्यांतून येणारी, आम्हांला विचारतात की पाठिंबा कोठे मिळेल. त्यांना व्यासपीठ हवे असते, आणि ते मिळावे. परंतु आठ-दहा माणसांचे एक मंडळ, ज्यात लिखाण मोठ्याने वाचले जाते, लेखक गप्प बसतो आणि बाकीचे ‘हे कळले नाही’, ‘हे फार गोड झाले’, ‘पुढे काय?’ असे मोकळेपणी विचारतात, ते कोणत्याही पुरस्कारापेक्षा त्यांच्या अधिक उपयोगी पडेल. अशी मंडळे काही ठिकाणी चालू होतात आणि दोन-तीन बैठकींत बंद पडतात. कोणीतरी दुखावतो, मग सौजन्य परतते, मग शाल येते. दुखावण्याची ती तिसरी बैठक ओलांडण्याचे बळ आमच्यात यावे लागेल, आणि ते देण्याचे काम वयाने व मानाने वडील असलेल्या लेखकांचे आहे. त्यांनी आपले अपुरे लिखाण तेथे आधी वाचावे. धाकट्यांचा धीर त्यानेच चेपेल.

येत्या उपवासकाळात एखाद्या धर्मग्रामाने एवढे करून पाहावे, अशी आमची सूचना आहे. रविवारी सायंप्रार्थनेनंतर ‘ख्रिस्तपुराणा’चा पहिला अवस्वरू मोठ्याने वाचावा, त्या चार ओव्यांपाशी न थांबता शेवटपर्यंत. जुने शब्द अडतील. शेजारी गद्य भावार्थ ठेवावा. वाचन झाल्यावर धर्मगुरूंनी खाली बाकावर बसावे आणि ध्वनिक्षेपक लोकांकडे द्यावा.